मित्राने सॅन डिएगो कॉमिक-कॉनचा, म्हणजे तिथल्या कॉमिक्स-सिनेमांच्या मोठ्या मेळ्याचा बॅज (प्रवेशाचा पास) काढून दिलाय. मग चारही दिवस त्याच्यासोबतच फिरायला हवं का?

नाही. अजिबात नाही. मी इथे एरवी फक्त वाचायला येतो, पण ‘बॅज काढून दिलाय’ हे तुम्ही ज्या ओशाळलेल्या सुरात लिहिलंय ते वाचून राहवलं नाही.

तुमचा प्रश्न मला असा समजला: मित्राला शुक्रवारची रात्र हॉल एचच्या, म्हणजे बड्या स्टुडिओंचे कार्यक्रम होतात त्या सभागृहाच्या रांगेत काढायची आहे, तुम्हाला कॉमिक्स चाळायची आहेत आणि चित्रकारांना भेटायचं आहे. वेगळे फिरलात तर तो दुखावेल अशी तुम्हाला भीती वाटते. शेवटी राहायचं कुठे, हेही विचारलंय.

आधी बॅजचं बघू. विक्रीच्या दिवशी तुम्ही दोघंही आपापला मेंबर आयडी घेऊन ऑनलाइन वेटिंग रूममध्ये बसला होतात. तिथे पहाटे उठून बसलेला आणि शेवटच्या क्षणी आलेला सारखेच, कारण आत कुणाला कधी घ्यायचं याची चक्क सोडत निघते. ज्याचा नंबर लागतो त्याला स्वतःसकट तिघांचे बॅज घेता येतात. मित्राचा लागला, त्याने तुमचा आयडी टाकला, पैसे तुम्ही दिलेत किंवा देणार आहात. तुमचा लागला असता तर तुम्ही त्याचा टाकला असतात. यात उपकार कुठे आले? नशीब त्याचं फळफळलं, बोटं त्याने चालवली. बस्स.

हे मी इतक्या तावातावाने सांगतोय कारण या एका क्लिकची परतफेड मी एक अख्खी रात्र गवतावर बसून केली आहे.

मी सॅन होजेचा, माझा मित्र लॉस एंजेलिसचा, मूळचे दोघंही डोंबिवलीचे. शाळेत आमचं कॉमिक्सचं वेड एकच होतं, पुढे वाटा फुटल्या. त्याला सिनेमे, नटनट्या, ट्रेलर. मला कागद. माझे वडील साताऱ्याचे, उमेदीत बोर्ड रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, निवडणुकीतली चिन्हं. फ्लेक्स आला आणि ते काम गेलं, मग डोंबिवली आणि एका छापखान्यातली नोकरी. त्यामुळे हाताने ओढलेली रेघ दिसली की माझे पाय थांबतात. हे मित्राला पहिल्यापासून माहीत होतं, म्हणून जास्त राग.

त्या वर्षी सोडतीत त्याचा नंबर लागला. तेव्हापासून जुलैपर्यंत प्रत्येक फोनला तेच पालुपद, ‘माझ्यामुळे येतोयस, लक्षात ठेव.’ आधी गंमत वाटायची. शुक्रवारी संध्याकाळी हॉल एचचे मनगटी पट्टे वाटायला लागले तेव्हा गंमत संपली.

तुम्ही पहिल्यांदा जाताय म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. हॉल एचमध्ये साधारण साडेसहा हजार माणसं मावतात. कॉन्व्हेन्शनला येतात एक लाख तीस हजारांहून जास्त. म्हणजे एका वेळी शंभरातले पाच आत. त्यात भर अशी की दोन कार्यक्रमांच्या मध्ये हॉल रिकामा करत नाहीत. सकाळी दहाला बसलेला माणूस संध्याकाळच्या बड्या स्टुडिओसाठी दिवसभर तिथेच ठाण मांडतो. मधले कार्यक्रम करणारे बिचारे अशा लोकांसमोर बोलतात ज्यांना त्यांच्याशी काही देणंघेणं नसतं. म्हणून रांग आदल्या दिवशीच लागते. संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या प्रवेशाचे रंगीत पट्टे मनगटावर बांधतात, आणि मग रात्रभर गटातल्या कुणीतरी जागा धरून बसायचं. बाकीच्यांनी जाऊन झोपलं तरी चालतं.

तर ‘कुणीतरी’ कोण, हे आमच्यात आधीच ठरलं होतं म्हणे. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मित्र म्हणाला, ‘फ्रेश होऊन दोन तासांत येतो, मग तू जा.’ आमची खोली जवळच्या गॅसलॅम्प भागात होती, चालत जाण्यासारखी. साहेब जे गेले ते उजाडल्यावर उगवले.

सॅन डिएगोची जुलैतली दुपार बघून कुणी फसू नये. रात्री खाडीवरून वारा येतो आणि गवत ओलं होतं. माझ्याकडे एक पातळ जॅकेट आणि भडंगाचं पाकीट. शेजारी घडीच्या खुर्चीत ॲरिझोनाच्या एक निवृत्त शाळामास्तरीण बाई होत्या, विणकाम घेऊन आलेल्या. मी कुडकुडतोय हे बघून त्यांनी जादा घोंगडी दिली आणि मग कितीतरी वेळ बोलत राहिल्या. कॉमिक-कॉन ‘एल कोर्टेझ’ हॉटेलात भरायचं तेव्हापासून, म्हणजे सत्तरच्या दशकापासून त्या येत होत्या. त्यांच्या सांगण्यानुसार तेव्हा जिन्यात, लिफ्टमध्ये, नाश्त्याच्या टेबलावर चित्रकार भेटायचे आणि कुणाला त्याचं अप्रूप नव्हतं. त्याआधी, १९७० च्या ऑगस्टमध्ये यू. एस. ग्रँट हॉटेलातलं पहिलं तीन दिवसांचं कॉन तर जेमतेम तीनशे माणसांचं होतं, आणि पाहुणे कोण, तर कॉमिक्सचे दिग्गज चित्रकार जॅक कर्बी आणि विज्ञानकथाकार रे ब्रॅडबरी. तीनशे! डोंबिवलीत एखाद्या बऱ्या घरच्या मुंजीला याहून जास्त पानं उठतात. मी त्यांना विचारलं, मग आता तुम्ही या रांगेत कशाला? म्हणाल्या, नातवाला आत जायचंय, तो हॉटेलात झोपलाय. आम्ही दोघंही हसलो. त्यांचं निदान नातवासाठी होतं.

सकाळी मित्र आला. अंघोळ केलेला, भांग पाडलेला, हातात कॉफी. एकच कॉफी. स्वतःची.

आल्या आल्या पहिलं वाक्य, ‘आपण एवढे मागे कसे?’

मी पिशवी उचलली. म्हटलं, ‘बस तू. मी चाललो.’ त्याला वाटलं प्रातर्विधीला चाललोय. मी सरळ मुख्य हॉलच्या रांगेत जाऊन उभा राहिलो आणि साडेनऊला दारं उघडल्यावर हॉल जी गाठला. आर्टिस्ट्स ॲली, म्हणजे चित्रकारांच्या टेबलांची गल्ली, तिथेच असते. मजा बघा, हॉल एच त्याला लागूनच आहे. भिंतीच्या पलीकडे साडेसहा हजार जण ट्रेलर बघून किंचाळत होते आणि अलीकडे एका टेबलामागे एक चित्रकार बाई शांतपणे ब्रशने शाई भरत होत्या. समोर मी एकटा.

छापलेलं कॉमिक आणि त्याचं मूळ पान यात काय फरक असतो हे मी तोवर फक्त ऐकून होतो. मूळ पान मोठं असतं, साधारण अकरा बाय सतरा इंचांच्या जाड कागदावर काढलेलं. छापताना ते लहान होतं आणि रेघ आपोआप बारीक, रेखीव दिसते. शाईखाली फिकट निळ्या पेन्सिलीच्या रेघा तशाच राहिलेल्या असतात, कारण छपाईच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसत नसे, मग खोडायचे कष्ट कोण घेणार? चुकलेल्या जागी पांढऱ्या रंगाची थिगळं. एका पानावर तर पात्राचा हात आधी खिशात होता, नंतर पांढरं करून तो दारावर आणलेला. माणूस विचार कसा बदलतो हे कागदावर उघड दिसत होतं. त्या बाईंनी मला ब्रश कसा धरायचा, मनगट न हलवता खांद्यातून रेघ कशी ओढायची ते दाखवलं. बोर्ड रंगवताना वडील नेमकं हेच करायचे. काठीवर मनगट टेकून.

मी एक पान विकत घेतलं. किंमत सांगत नाही, बायको हे वाचते. वडिलांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर चष्मा वर करून म्हणाले, ‘हाताला सफाई आहे, पण खोडाखोड फार.’

संध्याकाळी मित्राचं तोंड एवढंसं. कार्यक्रम आवडले नाहीत म्हणून नाही, मी ‘सीट वाया घालवली’ म्हणून. हॉल एचचा पट्टा मनगटाला बांधलेला असताना बाहेर जाणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. आजही चार मित्र जमले की तो हा किस्सा सांगतो आणि त्यात मी कृतघ्न असतो. त्याने तिथे पाहिलेले ट्रेलर बरेचसे त्याच संध्याकाळी मी हॉटेलच्या पलंगावर फोनवर पाहिले, हे तो सांगायचं विसरतो.

तर तुम्हाला सांगायचं ते हे. जायच्या आधीच पैसे चुकते करा, म्हणजे ‘माझ्यामुळे’ या शब्दाला आधार राहत नाही. रांगेत कोण किती वाजेपर्यंत बसणार हे व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. हसू नका. या हॉलमध्ये २०१० साली बसायच्या जागेवरून भांडण होऊन एकाने दुसऱ्याच्या डोळ्याजवळ पेन खुपसलं होतं. पोलीस आले, बातम्या झाल्या. लोकलच्या चौथ्या सीटवरून जुंपलेली मी आयुष्यभर पाहत आलो, पण पेन कुणी काढलं नव्हतं.

सकाळी एकत्र आत जा, दिवसभर आपापलं बघा, रात्री एकत्र जेवा. गर्दीत फोनचं नेटवर्क रडतं, म्हणून भेटायची जागा आधीच ठरवा, आणि ‘बाहेर भेटू’ असं मोघम नको, हॉलचं अक्षर सांगा. ए पासून एच पर्यंत चालून बघा म्हणजे कळेल का म्हणतोय ते. बॅज गळ्यात ठेवा. आत जाताना आणि बाहेर पडतानाही तो टेकवावा लागतो आणि दुसऱ्याच्या बॅजवर आत जाता येत नाही, त्यामुळे ‘तू माझा घेऊन जा’ असले उद्योग करू नका.

आता उलट बाजू, नाहीतर लोक म्हणतील हा नुसताच कडवट आहे. मित्र कॉस्प्ले करून, म्हणजे एखाद्या पात्राचा वेश घालून येणार असेल तर मात्र त्याला सोडून जाऊ नका. फोमचं चिलखत घातलेल्या माणसाला पाणी पिता येत नाही, खाली पडलेलं उचलता येत नाही, आणि दर चार पावलांवर कुणीतरी फोटोसाठी अडवतं. त्याला पिशवी धरणारा, डिंक आणि टाचण्या बाळगणारा माणूस लागतोच. तिथे मैत्री कामाला येते. आणि एखादा नट, एखादी मालिका खरोखर तुमच्याही काळजाजवळची असेल तर एकदा जरूर बसा रांगेत. रांगेतली माणसं छान असतात, हे मी त्या घोंगडीला स्मरून सांगतो. फक्त दोघांनी मिळून बसा.

राहायचं विचारलं होतंत. कॉन्व्हेन्शनच्या सवलतीच्या हॉटेल खोल्यांचीही सोडतच असते, ती चुकवू नका. जवळची खोली नाही मिळाली तर मिशन व्हॅली भागात ट्रॉलीच्या (तिथल्या ट्रामच्या) ग्रीन लाइनलगत बघा, ती थेट कॉन्व्हेन्शन सेंटरसमोर सोडते. लॉस एंजेलिसहून येणार असाल तर गाडी आणू नका, पार्किंगमध्ये दिवाळं निघेल. युनियन स्टेशनहून ॲमट्रॅकची सर्फलायनर रेल्वे घ्या, समुद्राच्या बाजूची खिडकी पकडा.

माझ्या मित्राने हे वाचलं तर तो खाली लिहीलच की बॅजचे पैसे मी उशिरा दिले होते. दिले होते. पैसे पाठवायच्या व्हेन्मो ॲपवर नोंद आहे, आणि त्याच्या कॉफीच्या किमतीएवढे जास्तच गेलेत.