जांभा दगड हा रूपांतरित खडक आहे का?

आपण विचारले आहे की, गोव्यात घरांसाठी वापरला जाणारा जांभा जर मूळ खडक बदलून झालेला असेल, तर त्याला रूपांतरित खडक का म्हणत नाहीत; आणि खरे रूपांतरित खडक कसे तयार होतात व त्यांचे वर्गीकरण कशावरून करतात. मी फोंड्यात भूविज्ञान शिकवतो. हाच प्रश्न वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतोच, आणि तो चुकीचा नाही, कारण दोष 'रूपांतरित' या शब्दाच्या सैल अर्थाचा आहे.

जांभा रूपांतरित नाही. उष्ण, पावसाळी हवेत उघड्यावर पडलेल्या खडकातील सिलिका आणि विरघळणारे क्षार पाण्याबरोबर निघून गेले, की मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरतात आणि त्यांचाच हा तांबडा, सच्छिद्र दगड होतो. चिरेखाणीत तो ओला असताना सहज कापता येतो आणि हवा लागल्यावर कडक होतो, हे येथे कोणत्याही गवंड्याला ठाऊक असते. हा बदल पृष्ठभागावरचा, नेहमीच्या तापमानाचा आहे. भूविज्ञानात रूपांतरण म्हणतात ते जमिनीच्या पोटात, साधारण २०० अंश सेल्सियसच्या पुढे घडते, आणि त्यात खडक वितळत नाही. तो घन अवस्थेत असतानाच त्यातील जुनी खनिजे मोडून नव्या परिस्थितीत टिकणारी खनिजे घडतात. तो वितळला तर पुढची गोष्ट अग्निज खडकाची होते.

हे घडवणारी कारणे म्हणजे उष्णता, दाब आणि खनिजांच्या कणांमधून फिरणारे गरम पाणी. लाव्हा होऊ शकणारा शिलारस शेजारच्या खडकात घुसला, तर त्याच्या कडेचा पट्टा भाजून निघतो, आणि या संपर्क रूपांतरणात दाबाचा भाग थोडा असतो. याउलट पर्वत उभे राहताना शेकडो किलोमीटरचा प्रदेश खोल दबतो व तापतो. एका दिशेने जास्त दाब आल्यामुळे अभ्रकासारखी पातळ, चपटी खनिजे त्या दाबाला काटकोनात रांगेने बसतात आणि खडकाला पापुद्रे पडतात. यालाच पत्रण म्हणतात आणि प्रादेशिक रूपांतरणाची ती सर्वांत सोपी खूण आहे.

वर्गीकरणाचा पहिला भेद या पत्रणावरच उभा आहे. चिखलाचा खडक घेतला, तर वाढत्या तापमानाबरोबर तो आधी पाटीचा दगड, मग रेशमासारखी चकाकी असलेला फिलाइट, मग डोळ्यांना अभ्रक स्पष्ट दिसेल असा शिस्ट, आणि शेवटी फिकट व गडद पट्ट्यांचा नाइस होतो. चुनखडकाचा संगमरवर आणि वाळूखडकाचा क्वार्टझाइट यांच्यात सहसा पापुद्रे दिसत नाहीत. हे दोन्ही पांढरे असले, तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा: संगमरवर फसफसतो, क्वार्टझाइट निमूट राहतो, आणि चाकूने त्यावर ओरखडाही उठत नाही.

मात्र पोत पाहून खडक किती तापला हे नेमके सांगता येत नाही, आणि माझ्या मते पाठ्यपुस्तके येथेच विद्यार्थ्यांना अर्ध्यावर सोडतात. १८९३ साली जॉर्ज बॅरो यांनी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात दाखवले की, मूळचे चिखलाचे खडक एका दिशेने तपासत गेल्यास त्यात क्रमाने विशिष्ट खनिजे प्रथम दिसू लागतात. आज तो क्रम क्लोराइट, बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट असा शिकवला जातो, आणि प्रत्येक खनिज म्हणजे जणू त्या खडकात अडकून राहिलेला तापमापक. पुढे फिनलंडचे पेंटी एस्कोला यांनी एका खनिजाऐवजी खनिजांचा एकत्र समूह विचारात घेऊन तापमान-दाबाच्या पट्ट्यांना फेसिज हे नाव दिले. बेसाल्टासारखा खडक मंद तापमानात हिरवट शिस्ट होतो, अधिक तापल्यास ॲम्फिबोलाइट आणि फार मोठ्या दाबाखाली एक्लोजाइट, असा त्याचा अर्थ.

गोव्यातील बहुतांश जुने खडक याच हिरवट शिस्टाच्या पट्टीत, म्हणजे ढोबळमानाने ३०० ते ५०० अंशांत, रूपांतरित झालेले आहेत. डिचोली, सांगे भागातील खाणींत दिसणारा लोह आणि सिलिकेच्या आलटून-पालटून थरांचा खडक मुळात समुद्राच्या तळाशी साचलेला होता, आणि तो व त्याच्यासोबतचे फिलाइट एकाच प्रदेशव्यापी घटनेत बदलले; खनिज म्हणून काढला जाणारा संपन्न भाग मात्र नंतरच्या झिजेने बनला. याहून जुना खडक पाहायचा, तर अनमोड घाट गाठावा. तेथील नाइसचे वय सुमारे ३४० कोटी वर्षे आहे.

प्रवास टाळायचा असेल, तर ओहोटीच्या वेळी दोनापावलाच्या खडकांवर जा. खाली लाटांत धुतला जाणारा राखाडी खडक मेटाग्रेवॅक आहे. समुद्रतळावर साचलेली मातकट वाळू रूपांतरित होऊन तो झाला, आणि मूळ ओळखता येत असल्यामुळेच त्याच्या नावापुढे 'मेटा' जोडले जाते. मान वर करून कड्याच्या माथ्याकडे पाहिले, की तशाच खडकाच्या झिजेतून झालेला जांभा दिसेल.