वाचकांचे प्रश्न: एवढ्या ढिगातून उचलायचं काय?

या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये पुस्तकं निवडण्याबद्दलचेच प्रश्न जास्त निघाले, म्हणून तेवढेच घेतलेत, बाकीचे पुढच्या अंकात.

प्रश्न: नोकरी आणि मुलं यांच्या नादात माझं वाचन पार सुटलं होतं. आता मुलं मोठी झालीत, परत सुरू करायचंय. नौपाड्यात एका हॉलमध्ये प्रदर्शन लागलं होतं तिथे गेले तर कादंबऱ्या, चरित्रं, शेअर मार्केट, पाककला, किल्ले, सगळं शेजारी शेजारी. तासभर फिरून काही सुचेना, शेवटी ज्याचं नाव सगळे घेतात ते एक जाडजूड पुस्तक उचललं आणि ते आता चाळीस पानांवर अडकलंय. कसं निवडायचं हो? (एक वाचक, घोडबंदर रोड)

उत्तर: ताई, आधी ते अडकलेलं पुस्तक बंद करा. पैसे गेले ते गेले, ते संपल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही हा नियम शाळेतला आहे आणि त्यापायी कितीतरी लोकांचं वाचन कायमचं थांबतं.

आता निवडायचं कसं, तर उभ्या उभ्या वाचून. आपण भेंडी घेताना टोक मोडून बघतो, भाजीवाला काही बोलत नाही, पण पुस्तकांच्या टेबलापाशी मात्र उगाच लाजतो, कव्हर बघतो, मागचा मजकूर वाचतो आणि ठेवून देतो. मागचा मजकूर प्रकाशकाने विकायला लिहिलेला असतो, त्यातून विषय कळतो, बाकी काही नाही. कादंबरी असेल तर पहिलं पानही सोडा, त्याच्यावर लेखकाने सगळ्यात जास्त मेहनत घेतलेली असते. मधलं कुठलंही पान उघडा आणि दोन पानं वाचा. माणसं खऱ्या माणसांसारखी बोलतायत का, की सगळी लेखकाच्याच आवाजात भाषण देतायत, हे दोन पानांत कळतं. तिसरं पान आपोआप उलटलं गेलं तर घ्या. कथासंग्रहात सगळ्यात छोटी कथा शोधून तिथेच पूर्ण वाचून टाका, विक्रेत्यांना सवय असते, फार फार तर एकदा बघतील.

माहितीपर पुस्तकाचं तंत्र वेगळं. त्यात आधी अनुक्रमणिका, मग थेट शेवट, म्हणजे सूची (कुठलं नाव, कुठला विषय कुठल्या पानावर आलाय त्याची यादी) आणि संदर्भ आहेत का. आपल्याकडे सूची द्यायचा प्रचंड कंटाळा, त्यामुळे ज्याने दिलीय त्याने बाकीचं कामही नीट केलं असण्याची शक्यता बरी. मग तुम्हाला आधीच माहीत असलेली एखादी गोष्ट त्यात शोधा. समजा रेल्वेच्या इतिहासाचं पुस्तक आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली हे तर सगळेच लिहितात, पण पुढच्या वर्षी ती कल्याणला गेली आणि त्यासाठी ठाण्याच्या खाडीवर पूल बांधावा लागला, हे सांगायला लेखक थांबलाय का बघा. तुमच्या गल्लीतल्या गोष्टीत जो चुकतो किंवा घाई करतो तो बाकी ठिकाणीही तेच करणार.

अनुवादित पुस्तक असेल तर आतलं माहितीचं पान, ज्यावर आवृत्ती, मुद्रक, हक्क वगैरे असतं ते जरूर वाचा. तिथे 'पहिली आवृत्ती २०२२' दिसतं आणि आपल्याला वाटतं ताजं आहे, पण ती मराठीची तारीख असते, मूळ पुस्तक पंचवीस वर्षं जुनं असू शकतं. कादंबरीला त्याने काही फरक पडत नाही, आहार, कॉम्प्युटर, गुंतवणूक असल्या विषयांत मात्र फार पडतो. आणि अनुवादकाचं नाव कव्हरवर नसून आत कुठेतरी बारीक अक्षरात असेल तर मी तरी जरा साशंक होतो.

सुरुवातीला विकत घेऊच नका असंही सुचवेन. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, तिथे किंवा जवळच्या कुठल्याही सार्वजनिक वाचनालयात वर्गणी भरा. आवडलं नाही तर परत करताना दुःख होत नाही, आणि म्हणून माणूस कधी घेतली नसती अशी पुस्तकं घेऊन येतो. एक तुमच्या आवडीचं आणि एक असं ज्याच्या विषयातलं तुम्हाला ओ की ठो कळत नाही, अशी जोडी आणून बघा.

प्रश्न: आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात की कादंबऱ्या म्हणजे टाइमपास, वाचायचं तर नॉनफिक्शन वाच, त्यातून काहीतरी शिकता येतं. मला गोष्टी आवडतात. खरंच वेळ वाया जातो का? (एक विद्यार्थी, वाशी)

उत्तर: तुझ्या ग्रुपला नॉनफिक्शन म्हणजे पहाटे पाचला उठा, सवयी बदला आणि श्रीमंत व्हा छापाची पुस्तकं असं म्हणायचंय बहुतेक. त्यातली काही बरी असतात, पण बऱ्याच जणांची गंमत अशी की मूळ मुद्दा पंधरा पानांचा असतो आणि पुस्तक अडीचशेचं, मग प्रत्येक प्रकरणात कुठल्यातरी उद्योगपतीचा किस्सा घालून ते फुगवतात. नॉनफिक्शन त्याच्या पलीकडे खूप आहे रे, प्रवासवर्णन, आत्मचरित्र, निसर्ग, गुन्हे, विज्ञान, आणि आपल्या दलित आत्मकथनांइतकं हलवून टाकणारं तर भल्या भल्या कादंबऱ्यांत सापडत नाही. तू गोष्टी वाच, बिनधास्त. फक्त एखादी आवडली की ती ज्या जागी, ज्या काळात घडते त्याबद्दलचं एक खरंखुरं पुस्तक मागोमाग घे. गिरणगावातली कादंबरी वाचलीस तर १९८२ च्या गिरणी संपावरचं काहीतरी वाच, मग दोन्हींतलं कोण काय लपवतंय तेही दिसायला लागतं. ग्रुपला सांगायची गरज नाही.

प्रश्न: आमच्या लायब्ररीत पाककलेची पुस्तकं वैद्यक आणि शेतीच्या पुस्तकांच्या कपाटात का असतात? विचारलं तर नंबर तसा आहे म्हणतात. (एक काका, कळवा)

उत्तर: काका, नंबर तसाच आहे! मेल्विल ड्युई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये सगळ्या ज्ञानाचे दहा भाग पाडले आणि त्यांना आकडे दिले. ६०० मध्ये माणसाने वापरात आणलेल्या विद्या आल्या, त्यात ६१० वैद्यक, ६३० शेती आणि ६४१ मध्ये खाणंपिणं. त्यामुळे मधुमेह, भातशेती आणि आमटी एकाच कपाटात. मला तर ही सोय आवडते, माणूस पथ्याचं पुस्तक शोधायला जातो आणि लोणच्याचं घेऊन येतो. त्याच ड्युईने धर्माच्या २०० मधला बहुतेक भाग एकट्या ख्रिश्चन धर्माला देऊन टाकला आणि बाकी सगळ्यांना २९० मध्ये कोंबलं, तिथे मात्र आपल्याकडच्या ग्रंथपालांची पंचाईत झाली. आपल्या एस. आर. रंगनाथन या ग्रंथपालांनी १९३३ मध्ये पुस्तकांना नंबर द्यायची स्वतःची पद्धत आणली, तिला द्विबिंदू वर्गीकरण म्हणतात. त्यांचे १९३१ चे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियमही प्रसिद्ध आहेत, त्यातला एक म्हणजे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. आता ज्या वाचनालयात सभासदाला कपाटापर्यंत जाऊच देत नाहीत, काउंटरवर चिठ्ठी द्या म्हणतात, तिथे पुस्तकाला वाचक भेटणार कसा? तुम्हाला कपाटं बघता येतायत तर रोज एका कपाटासमोर उभे राहा.

प्रश्न: मॉलमध्ये किलोवर किंवा बॉक्स भरून पुस्तकं मिळतात ती घ्यावीत का? आणि फुटपाथवरची? (नेरुळ)

उत्तर: बॉक्सवाल्यांकडे बहुतेक इंग्रजी जुनी पुस्तकं असतात, परदेशातल्या लायब्रऱ्यांतून काढून टाकलेलीही. थरार, रहस्य, लहान मुलांची चित्रांची पुस्तकं, बागकाम, यासाठी मस्त. एक धोका म्हणजे बॉक्स भरायचा म्हणून माणूस काहीही भरतो, तेव्हा आधी निवडा आणि मग कुठला बॉक्स ते ठरवा. जुन्या पुस्तकाचं वय बघायचं तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक, बघा, २००७ पासून तो तेरा आकडी झाला, त्यामुळे फक्त दहा आकडी असेल तर ती प्रत बहुधा त्याआधीची.

फुटपाथवर खरी सेकंडहँड पुस्तकं असतील तर जरूर घ्या. पण गाजलेलं नवंकोरं पुस्तक अर्ध्याहून कमी किमतीत, पानं पातळ, अक्षरं पुसट, एखादं पान तिरकं, असं असेल तर ती चोरून छापलेली प्रत, लेखकाला त्यातला रुपयाही जात नाही. कमी खर्चात हवं तर नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात, आणि राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या वेबसाइटवर त्यांची कितीतरी पुस्तकं चकटफू डाउनलोड होतात.

प्रश्न: मुलगा नऊ वर्षांचा आहे, फक्त कॉमिक्स वाचतो. काय करू? (ऐरोली)

उत्तर: अजून कॉमिक्स आणून द्या. आणि मधूनमधून त्यातलं एखादं तुम्हीही वाचायला मागा, अर्थात तो देईलच असं नाही.