जुन्या 24 व्होल्टच्या ट्रकला जादा फ्यूज बॉक्स कसा बसवावा?

तुम्ही लिहिलंय की फॉग लॅम्प आणि केबिनचा पंखा हेडलाइटच्या वायरीला पीळ मारून जोडलेत आणि तो जोड तापतो. टेप आणि मोबाइल चार्जर दोनपैकी एका बॅटरीवरून 12 व्होल्ट काढून चालवताय. वेगळा फ्यूज बॉक्स बसवायचं ठरवलंत, ते अगदी योग्य केलंत. मात्र बॉक्स कुठलाही चांगला मिळेल; खरी काळजी घ्यायची ती त्याच्यापर्यंत येणाऱ्या वायरीची.

फ्यूज असतो वायरीसाठी. बॅटरीपासून केबिनपर्यंतची वायर वाटेत चेसिसला घासून सोलली, तर केबिनमधले सगळे फ्यूज शाबूत राहतील आणि वायर पेटेल, कारण शॉर्ट त्यांच्या अलीकडे झालेला असतो. म्हणून पहिला फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच हवा. तुमच्या लोडला तिथे 30 अँपिअरचा फ्यूज आणि पुढे 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर भरपूर झाली. वायर प्लास्टिकच्या नळीतून न्या, पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट बसवा आणि सायलेन्सरपासून लांब ठेवा. काम सुरू करायच्या आधी बॅटरीचं अर्थ टर्मिनल काढून ठेवा, हे कृपा करून विसरू नका.

आता हिशोब. 70 वॅटचे दोन फॉग लॅम्प म्हणजे 140 भागिले 24, साधारण 6 अँपिअर. त्यांना 2.5 चौरस मिलिमीटरची वायर आणि 10 अँपिअरचा लाल फ्यूज. पंख्याला 5 अँपिअरचा पुरे. फ्यूज उडाला म्हणून मोठा घालणं किंवा तांब्याची तार गुंडाळणं, यातूनच केबिन जळतात. जुन्या काचेच्या फ्यूजपेक्षा पात्याचे फ्यूज घ्या. क्लिप सैल पडून तापायचा त्रास कमी होतो. त्यांच्यावर 32 व्होल्ट छापलेलं असतं, म्हणजे 24 ला चालतात.

बॉक्सच्या आधी एक रिले लागेल, म्हणजे चावीच्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. तो मात्र 24 व्होल्टचाच मागा. दुकानात 12 चा चटकन हातात ठेवतात आणि त्याची कॉइल जळते. रिलेच्या पिनांवर नंबर असतात: 30 नंबरला बॅटरीकडची वायर, 87 वरून बॉक्सला, 86 ला चावी फिरवल्यावर करंट येणारी वायर, 85 बॉडीला. चावी काढली की सगळं बंद, म्हणजे रात्री पंखा चालू राहून सकाळी सेल्फ न लागण्याची भानगड संपली. रिलेच्या अंगावर लिहिलेले अँपिअर वाचून घ्या. एकूण लोड त्याच्या आत हवा.

एका बॅटरीवरून 12 व्होल्ट घेणं तेवढं आजच बंद करा. बहुतेक गाड्यांत हे केलेलं दिसतं, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण दोन्ही बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात आणि त्यांना चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला त्यांची बेरीजच दिसते, साधारण 28 व्होल्ट. जिच्यावर टेप चालतो ती सतत थोडी रिकामी राहते, तिच्या वाट्याला 13 येतात आणि दुसरीला 15. मग एकीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं, दुसरीचं पाणी उकळून आटतं आणि वर्षभरात जोडीच बदलावी लागते. दोष बॅटरीच्या कंपनीला दिला जातो. 24 चे 12 करणारा 10 अँपिअरचा कन्व्हर्टर बसवा, त्याला नव्या बॉक्समधून 10 अँपिअरच्या फ्यूजमधून पुरवठा द्या आणि टेप, चार्जर त्याच्यावर घ्या. कन्व्हर्टर तापतो, म्हणून गादीखाली दडपू नका. हवा लागेल अशा जागी पत्र्याला कसा.

जोड पिळून टेपपट्टी लावू नका. ट्रक सतत हादरतो, तार हळूहळू सुटते. वायरीच्या टोकाला धातूचा लग घालून तो पकडीने दाबून नीट क्रिम्प करा, वर स्लीव्ह चढवा. जुन्या गाडीत अर्धी दुखणी अर्थिंगची असतात: बोल्टखालचा रंग आणि गंज चकाकेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला आणि वरून थोडं ग्रीस लावा. केबिन रबरावर बसलेली असते, म्हणून केबिन ते चेसिस अर्थची पट्टी धड आहे का तेही बघा.

काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून सगळं एकदम लावा आणि मल्टिमीटरने आधी बॅटरीवर, मग फॉग लॅम्पच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा. एक व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर कुठला तरी जोड किंवा अर्थ कच्चा आहे. तो सापडेपर्यंत गाडी लांबच्या भाड्याला काढू नका.