खुंट पाहून पाणी ठरवा

संत्रा-मोसंबीचा डोळा (कळी) खुंटावर, म्हणजे खाली मुळं देणाऱ्या दुसऱ्या लिंबूवर्गीय रोपावर बांधतात. एकाच जातीचा डोळा जंबेरी खुंटावर बांधा किंवा ट्रायफोलिएट खुंटावर, झाडाची तहान वेगळी होते. जंबेरी आणि रंगपूर लिंबू या खुंटांची मुळं खोल, पाणी ओढण्याची क्षमता मोठी. त्यांवरच्या झाडाची पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रं) जास्त वेळ उघडी राहतात, म्हणून बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांतून वाफ होऊन पाणी जाणं, तेही जास्त. ट्रायफोलिएटची मुळं उथळ. त्याला पाणी थोडं पण वारंवार द्या.

दुपारी पानं वळली की नवखा लगेच पाणी सोडतो. थांबा, पहाटे बघा. पानं सरळ झाली असतील तर मुळांचा पुरवठा फक्त दुपारच्या मागणीला कमी पडतोय. पहाटेही वळलेलीच असतील तर ३० सेंमी खोल माती चाचपा. कोरडी असेल तर पाणी द्या. चिखल असेल तर मूळकूज, आणि जंबेरी त्यात फार नाजूक. कूज वर चढू नये म्हणून कलमाचा जोड मातीच्या १५ सेंमी तरी वर हवा.