व्हेटो ‘रद्द’ होतो का?

‘काँग्रेसने अध्यक्षांचा व्हेटो रद्द केला’ या वाक्यात ‘ओव्हरराइड’साठी ‘रद्द करणे’ चालेल का, असा प्रश्न आहे. (काँग्रेस म्हणजे इथे अमेरिकेची संसद, व्हेटो म्हणजे विधेयकाला अध्यक्षांचा नकार.)

माझ्या कानाला ते खटकतं. परवाना, नेमणूक, आदेश या गोष्टी रद्द होतात. ज्याने दिल्या तो करतो, नाहीतर त्याच्या वरचा. इथे तसं काही घडत नाही. अध्यक्ष सही न करता, आपल्या हरकती लिहून, विधेयक जिथून निघालं त्या सभागृहाकडे परत पाठवतात. सभागृह त्या हरकती नोंदवून घेतं आणि फेरविचार करतं. दोन तृतीयांश मतं पडली तर विधेयक हरकतींसकट दुसऱ्या सभागृहात जातं. तिथेही तेवढीच मतं मिळाली की सहीवाचून कायदा! नकार दप्तरात तसाच राहतो, फक्त त्याचं काही चालत नाही. गंमत म्हणजे ज्या कलमात हे सगळं सांगितलंय तिथे ‘व्हेटो’ हा शब्दच नाही, आणि ‘ओव्हरराइड’ही नाही.

मग काय म्हणावं? ‘झुगारणे’त बंडाचा वास येतो, ‘डावलणे’त अन्यायाचा, हा तर घटनेनेच दिलेला रस्ता आहे. ‘निष्प्रभ ठरवणे’ अचूक, पण बातमीच्या मथळ्यात जड. मी ‘व्हेटोवर मात केली’ असं लिहीन. मात म्हटली की झुंज आली, आणि ही झुंज खरंच अवघड असते. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 635 वेळा व्हेटो वापरला. त्यांपैकी फक्त 9 वेळा संसदेची सरशी झाली. अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर मात्र 15 वेळा ही पाळी आली. पहिली मात 1845 मधली, जॉन टायलर यांच्यावरची.

भारताबद्दल लिहिताना मात्र हा शब्द नको. अनुच्छेद 111 प्रमाणे राष्ट्रपतींनी परत पाठवलेलं विधेयक संसदेने साध्या बहुमताने पुन्हा संमत केलं, की त्यांना अनुमती रोखता येत नाही. म्हणजे सही टळत नाही, ती करावीच लागते. 2006 मध्ये लाभाच्या पदांविषयीचं विधेयक अब्दुल कलामांनी परत पाठवलं, संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा संमत केलं आणि कलामांनी सही केली. तिथे ‘विधेयक पुन्हा संमत केलं’ एवढं पुरे.