बंद पडलेल्या डोमेन कंट्रोलरच्या नोंदी ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून कशा काढायच्या?

डोमेन कंट्रोलर, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही नेटवर्कवरच्या खात्यांची आणि संगणकांची यादी सांभाळणारा सर्व्हर, कायमचा गेलाय ना? मग आधी त्याच्याकडे एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणारी खास कामं) होते का ते बघा. असतील तर चालू कंट्रोलरवर सीझ करा, म्हणजे जबरदस्तीने ताब्यात घ्या. त्यानंतर मात्र जुनं मशीन पुन्हा नेटवर्कला जोडायचं नाही.

विंडोज सर्व्हर 2008 पासून हे काम सोपं झालंय. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या 'युझर्स अँड कॉम्प्युटर्स' या टूलमध्ये डोमेन कंट्रोलर्स या ओयूतून (फोल्डरसारख्या गटातून) त्या सर्व्हरचं खातं डिलीट करा, कायमचा ऑफलाइन असल्याच्या चौकटीवर टिक करा. मेटाडेटा, म्हणजे डिरेक्टरीतल्या त्याच्या नोंदी, आपोआप साफ होतो, एनटीडीएसयूटिल या कमांड-लाइन टूलशी झटापट लागत नाही. 'साइट्स अँड सर्व्हिसेस' या टूलमध्ये सर्व्हरचं नाव उरलं तर तेही उडवा.

डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा) बहुतेक जण विसरतात. एमएसडीसीएस झोनमधल्या (डोमेन कंट्रोलर शोधायच्या नोंदींचा भाग) एसआरव्ही (सेवा कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या), सीनेम (टोपणनावाच्या) नोंदी आणि नेम सर्व्हर्सची यादी यांत जुन्या सर्व्हरचं नाव उरलंय का ते हाताने तपासा.