बॅटऱ्या नव्या, तरी यूपीएस दोन मिनिटांत बंद

प्रश्न : मी गोरेगावात घरीच एकटी डीटीपीची कामं करते, त्यावरच घर चालतं. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानदाराने १९ दिवसांपूर्वी माझ्या यूपीएसच्या दोन्ही बॅटऱ्या बदलल्या. तेव्हापासून लाइट गेली की दोन मिनिटांत यूपीएस बंद पडतो. दुकानदार म्हणतो, बॅटऱ्या उत्तम आहेत, मशीनचं बोर्ड गेलंय, नवा यूपीएस घ्या. पैसे यूपीआयने दिले. बिल मागूनही मिळालं नाही. फोटो सोबत आहे.

उत्तर : ताई, फोटो मोठा करून पाहिला. डाव्या बॅटरीचे टर्मिनल, म्हणजे वायर जोडायची टोकं, लखलखीत आहेत, उजवीच्या टर्मिनलवर पांढरट थर चढलाय. १९ दिवसांत सहसा असं होत नाही. एक बॅटरी जुनीच राहिली असावी, असा मला दाट संशय येतो. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला एक साखळीसारख्या जोडलेल्या असल्या की कमजोर बॅटरी आधी बसते आणि तिच्यापायी यूपीएस बंद होतो. पण फोटोच्या भरवशावर कुणाला चोर म्हणू नका. दोष सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर असते.

म्हणून आधी पुरावा. यूपीएस स्वतः उघडू नका आणि त्याच दुकानदाराकडे परत ठेवूनही येऊ नका. एखाद्या त्रयस्थ तंत्रज्ञाला घरी बोलवा. बॅटऱ्या रात्रभर चार्ज होऊ द्या, म्हणजे 'चार्जच नव्हत्या' ही सबब उरणार नाही. मग त्याने दोन्हींवर लोड टाकून, म्हणजे त्यांच्यावर काहीतरी चालवत, व्होल्टेज वेगवेगळं मोजावं, बॅटऱ्यांवरचे क्रमांक आणि तारखेचे कोड टिपावेत. त्यानंतर त्याच यूपीएसला चांगल्या बॅटऱ्यांची जोडी लावून पाहावी. त्यावर यूपीएस नीट चालला, तर 'बोर्ड गेलंय' हे म्हणणं तिथेच कोसळतं. नाही चाललं, तर मात्र तुमची बाजू लंगडी होते, हे मोकळेपणाने सांगतो. जे आढळेल ते सही-तारखेसह लिहून घ्या.

दुकानदाराचा वकील बहुधा म्हणेल की धंद्यासाठी घेतलेली वस्तू, मग तुम्ही ग्राहक कशा? घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतू वगळलाय खरा, पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त मोडत नाही. तुम्ही स्वतः काम करता, हाताखाली माणसं नाहीत, हे तक्रारीत ठळक लिहा.

बिल नाही म्हणून खचू नका. बिल न देणं हीच कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा संवाद जपून ठेवा, तोच तुमचा व्यवहाराचा पुरावा. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. बिलावर मुदत नसेल, तर सदोष वस्तू ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं हीदेखील अनुचित प्रथाच. तुमचे ११ दिवस उरलेत. तंत्रज्ञाचा अहवाल मिळताच त्याच्या प्रतीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, त्यात बॅटऱ्या परत घेऊन पूर्ण रक्कम द्या, अशी मागणी स्पष्ट शब्दांत करा. तोंडी नकार नको, लेखी हवा.

एवढ्याने भागलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. दुकान लॅमिंग्टन रोडला असलं तरी तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे वांद्र्याच्या मुंबई उपनगर जिल्हा आयोगात तक्रार करता येते. व्यवहार ५ लाखांच्या आतला, त्यामुळे शुल्क नाही. वकीलही लागत नाही, तुम्ही स्वतः बाजू मांडू शकता. मुदत दोन वर्षांची आहे, पण तेवढं थांबू नका. गरज भासल्यास आयोग बॅटरी प्रयोगशाळेतही तपासून घेऊ शकतो, म्हणून निकालापर्यंत त्या दोन्ही बॅटऱ्या भंगारात देऊ नका.